मोहाखालचे पंच

पहिली-दुसरीच्या वर्गात पेन्सिल ही शेताच्या बांधाइतकी गंभीर बाब असते. ती कोणाची, तिचं टोक कोणी मोडलं, मागचं रबर कोणी चावलं, यावर रोज दावे उभे राहतात आणि रोज ते शिक्षकाच्या टेबलापर्यंत येतात. "मॅडम, यानं माझी पेन्सिल घेतली." पावरा आदिवासी पोर शाळेत आल्यावर जी पहिली सलग मराठी वाक्यं शिकतं, त्यांत हे एक असतंच. बाराखडी नंतर येते.

मी नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. माझं माहेर शहाद्याकडचं, घरात अहिराणी. पावरी मी चांदसैलीचा घाट चढून इकडे आल्यावर पोरांकडूनच शिकले आणि अजून शिकतेय. इथून मोलगीच्या बाजूला उतरलं की वसावे-पाडवींची भिली लागते, नवापूरला मावची आणि कोकणी, शहाद्याला गुजरी. एका जिल्ह्यात एवढ्या बोली आणि वर्गात पुस्तक एकच, मराठीचं. तेव्हा पोराला राग आला, तर तो कोणत्या भाषेत येतो आणि मॅडमला कोणत्या भाषेत सांगावा लागतो, इथपासून आमचं काम सुरू होतं.

भांडण समोर आलं की शिक्षकाच्या हाताशी तयार इलाज असतात. पेन्सिल जप्त करायची, नाहीतर दोघांना दटावायचं, नाहीतर "दे त्याची त्याला" म्हणून निकाल द्यायचा. अर्ध्या मिनिटात काम होतं आणि फळ्यावरची वजाबाकी पुढे सरकते. दोन वर्ग एकत्र घेऊन बसलेल्या माणसाला अर्धं मिनिट फार मोलाचं असतं, म्हणून या इलाजांना मी नावं ठेवणार नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात पोरं एक गोष्ट पक्की शिकतात: जो आधी मॅडमपर्यंत पोचला, तो जिंकला. मग भांडण झाल्याबरोबर शर्यत लागते. ज्याचे पाय लांब त्याची बाजू खरी. पहिलीतलं बारकं पोर मागे पडतं आणि पुढच्या वेळी तक्रार करायलाच येत नाही, सरळ दगड उचलतं.

इथल्या पाड्यांत मोठ्या माणसांची भांडणं पंचांपुढे जातात. बकऱ्या दुसऱ्याच्या मक्यात शिरल्या, बांध सरकला, पोरगी पळून गेली, वधूमूल्याचं देज परत मागितलं, असं काहीही. अंगणात नाहीतर झाडाखाली सगळे बसतात. एक बाजू बोलते, मग दुसरी, मग पहिली पुन्हा तेच बोलते. कोणी घड्याळ बघत नाही. शहरातल्या माणसाला वाटेल, हे एकच वाक्य चार वेळा का म्हणतायत? पण चौथ्या वेळी म्हणताना आवाज उतरलेला असतो. शेवटी दंड ठरतो आणि दोन्हीकडची माणसं एकत्र खातात-पितात. ते झाल्याशिवाय मिटलं असं कोणी धरत नाही. आणि या सगळ्याच्या कडेला पोरं बसलेली असतात. कोणी त्यांना हाकलत नाही. सहा वर्षांच्या पोरानं असे निवाडे मांडीवर बसून, पाठीवर झोपून आणि मोठेपणी उकिडवं बसून पाहिलेले असतात.

याचं कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागतो, हेही सांगते. पंचांत बायकांना बोलायला जागा कमी असते. ज्याचं घराणं मोठं, त्याचं ऐकून घेतलं जातं. दंडाच्या रकमेनं एखादं घर कर्जात जातं. हे मी पाहिलंय. तरी पद्धतीचा सांगाडा मला वर्गासाठी हवासा वाटला, कारण तो पोरांना आधीच ठाऊक होता. मला शिकवावं लागलं नाही, फक्त शाळेच्या फाटकाच्या आत येऊ द्यावं लागलं.

आमच्या शाळेमागे मोहाचं झाड आहे. पेन्सिल-प्रकरणं आता तिथे चालतात. सुनावणी खिचडीनंतर, हा पहिला नियम. सकाळी अकराला तक्रार आली तरी जेवण होईपर्यंत थांबायचं. भरल्या पोटी निम्मे दावे मागे घेतले जातात. पंच तीन. त्यांत एक तरी मुलगी, हा नियम माझा. बोलायचं ज्याला ज्या बोलीत येईल तिच्यात. एक बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. मी बाजूला बसते, बहुतेक वेळा तांदूळ निवडायला घेते, म्हणजे हात गुंतलेले राहतात आणि तोंडही आवरतं.

एक प्रकरण सविस्तर सांगते. दुसरीतल्या मुलानं पहिलीतल्या मुलाची पेन्सिल घेतली होती. पेन्सिल दोन बोटं लांब, लाल-काळ्या पट्ट्यांची, बापानं धडगावच्या बाजारातून आणलेली. घेणारा कबूल करत होता की घेतली. परत द्यायला मात्र तयार नव्हता. सरळ चोरीचं प्रकरण, नाही का? पंचांत दुसरीतली एक मुलगी होती. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते, निवाड्याच्या वेळीही तो कडेवरच होता. तिनं पेन्सिलीबद्दल काही विचारलंच नाही. घेणाऱ्याला विचारलं, "त्याआधी काय झालं?"

त्याआधी खेकडा झाला होता. आदल्या दिवशी दोघं ओहोळावर गेले होते. दगड उचलला दुसरीतल्यानं, खेकडा दिसला त्याला, आणि हात घालून धरला मात्र पहिलीतल्यानं. तो खेकडा त्याच्या घरी भाजला गेला. मोठ्याला तंगडीसुद्धा मिळाली नाही. म्हणून पेन्सिल.

"खेकडा केवढा होता?" पंचीणबाईंनी विचारलं.

मोठ्यानं दोन्ही हात फाकवले. बारक्यानं अंगठा आणि तर्जनीत मावेल एवढा दाखवला. बाकीचे पंच हसले, मग दोन्ही पक्षही हसले. मोठ्याचे हात थोडे जवळ आले, बारक्याची बोटं थोडी लांब झाली. खेकडा मध्यम आकाराचा ठरला. पुढे बारक्यानं सांगितलं की धरताना बोटाला नांगीचा चिमटा बसला होता, आणि बोट पुढे केलं. मोठ्यानं ते बोट वाकून नीट पाहिलं. मला ठाऊक असलेल्या कुठल्याही प्रशिक्षणात याला सहानुभूतीचा उपक्रम म्हणतील. इथे तो पुरावा तपासत होता.

निवाडा असा झाला: पेन्सिल आज परत. रविवारी दोघांनी मिळून ओहोळावर जायचं, पहिला खेकडा मोठ्याचा. आणि त्या दिवशी खिचडी होऊन गेली होती म्हणून दुसऱ्या दिवशी दोघांनी ताटल्या शेजारी मांडायच्या. मी अर्ध्या मिनिटात निकाल दिला असता, तर पेन्सिल परत गेली असती आणि खेकडा तसाच राहिला असता.

सगळी प्रकरणं एवढी गोड नसतात. पोरांना दंड ठरवायला दिला की ती कठोर होतात. "दहा दिवस खिचडी नाही," "सगळ्यांनी एकेक थप्पड मारायची," असले निवाडे येतात. तिथे मी बोलते. अन्न तोडायचं नाही आणि अंगाला हात लावायचा नाही, ही दोन कलमं माझ्या ताब्यात आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी केली, ती शिक्षकांसाठी. पोरांच्या पंचांनाही ती लागू आहे, असं मी त्यांना सांगून टाकलंय. आणि काही पोरं अशी असतात, जी पंचांपुढेही तेच करतात जे बाहेर करतात: मोठ्यानं बोलून जिंकतात. त्यांच्यासाठी मला वेगळं बसावं लागतं.

आता आमच्या प्रशिक्षणांबद्दल. डी.एड.ला आम्ही दहा गाभाघटक पाठ केले, दहा मूल्यं पाठ केली, जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं पाठ केली. टाचणवहीत पाठाखाली त्यांतलं एखादं लिहायची रीत होती. पुढे शांतिलाल मुथा फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम 2009 मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झाला आणि मग राज्यभर पसरला. त्यातलं जोडीत बोलणं, गटात बसणं, खेळातून नियम ठरवणं मला कामाला आलं. दिल्लीत 2018 मध्ये सरकारी शाळांत आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सामाजिक-भावनिक अध्ययन हे शब्द आले. आणि आपल्याकडे 2024 पासून आनंददायी शनिवार आला. कल्पना चांगली आहे. पण राग शनिवारची वाट बघत नाही. तो मंगळवारी, गुणाकार चालू असताना, पाटी फुटल्यावर येतो. शनिवारी श्वास मोजायला शिकलेलं पोर मंगळवारी तो मोजतं का, हे मंगळवारी त्याच्या शेजारी कोण बसलंय यावर ठरतं.

एका प्रशिक्षणात भावनांचा तक्ता मिळाला होता. पिवळे गोल चेहरे: आनंद, दुःख, राग, भीती. मी तो भिंतीला लावला. दुःखाच्या चेहऱ्याला निळा थेंब होता. "याला काय झालंय?" असं विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "डोळे आलेत." वर्गात साथ चालू होती, तिचं बरोबरच होतं. रागाच्या लाल चेहऱ्याबद्दल एकानं सांगितलं, "हा मिरची खाऊन बसलाय." मिरचीच्या नंदुरबार जिल्ह्यात हेही बरोबर. तक्ता अजून आहे, पण तो बोलायला सुरुवात करून द्यायला. आमची पोरं दुःखाचा चेहरा करत नाहीत. परक्या माणसापुढे तर अजिबात रडत नाहीत. मनाला लागलं की उठतात आणि घरी निघून जातात. दप्तर तिथेच. पाडा विखुरलेला, घर टेकडीपलीकडे, दार उघडं. हजेरीच्या हिशेबात हा मोठा गुन्हा. मी त्या पोराच्या मागे धावत नाही. त्याच्यापेक्षा जरा मोठं, त्याच्याच पाड्यातलं पोर पाठवते आणि सांगते, बोलू नकोस, नुसता बरोबर चाल. बहुतेक जण मोहाच्या झाडापर्यंत जाऊन बसतात आणि वर्गातून दिसत राहतात. थोड्या वेळानं दोघंही परत येतात. शहरातल्या शाळांत हल्ली वर्गात उशा मांडून शांत कोपरा करतात म्हणे. आमचा कोपरा बाहेर आहे आणि त्याला मुळं आहेत.

थांबणं या गोष्टीवर मी जास्त विचार केलाय, कारण पहिलीच्या शिक्षकाचा दिवस पोरांना थांबवण्यात जातो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून केलेले प्रयोग आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. मुलापुढे एक गोड गोळी ठेवायची. मोठं माणूस परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात चांगली निघाली, असं त्यावरून बरीच वर्षं सांगितलं गेलं. सांगताना हे पुढचं राहून जातं: 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मोठ्या गटाची माहिती घेऊन ते पुन्हा पडताळलं, घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा तो फरक बराच विरला. त्याआधी रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. मुलांना चांगलं चित्रकलेचं सामान आणून देतो म्हणायचं आणि काहींच्या बाबतीत रिकाम्या हातानं परत यायचं. ज्यांना असं फसवलं, ती मुलं नंतर गोळीसाठी फारच कमी वेळ थांबली. मला हे वाचून आमच्या वर्गातलं "उद्या चित्रं काढू" आठवलं. उद्या केंद्राची बैठक निघते, परवा ऑनलाइन माहिती भरायची असते. तेव्हापासून उद्याचं काही कबूल करायचं तर ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं आणि झाल्याशिवाय पुसायचं नाही, असा रिवाज पडलाय. पुसायचं काम ज्याला आठवण राहील त्या पोराचं. त्यांना आठवण राहतेच.

आणि थांबायला आमची पोरं कच्ची नाहीत. पावसाळा लागून डोंगर हिरवा झाला, तरी निलीचारीची पूजा होईपर्यंत नवी हिरवी भाजी घरात शिजत नाही. दारात उगवलेली असते, पोरं तिच्यावरून उड्या मारून शाळेत येतात. मी विचारलं, "खावीशी नाही वाटत?" "वाटते." "मग?" "अजून पूजा नाही झाली." यात गोळी दोन होत नाही. सगळा पाडा थांबलेला असतो, म्हणून एकटं पोरही थांबतं. होळीच्या दिवसांत नाचासाठी बावा आणि बुध्या ही सोंगं घेणारे लोक पाळणी पाळतात, खाटेवर बसत नाहीत, पायात काही घालत नाहीत, स्वतः रांधलेलं खातात. मोठ्यांबरोबर काही लहान पोरंही असतात, कमरेला घुंगरू आणि सुकलेले भोपळे बांधून रात्रभर नाचतात. माझ्या वर्गात दहा मिनिटं एका जागी न बसणारा एक पठ्ठ्या त्यांत होता. होळीनंतर त्याला पाहिलं तेव्हा त्याच्या चंचलपणाबद्दल नोंदवहीत मी काय लिहिलंय ते उघडून वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

लहान भावंडांचा प्रश्न दुसरा. आईबाप शेतात, घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून सात-आठ वर्षांची मुलगी वर्षाचं पोर कडेवर घेऊन येते. ते पोर रडतं, शी करतं, खडू खातं. नियमाप्रमाणे ते वर्गात नको. मी ते आत घेते. अंगणवाडी आहे, पण ती प्रत्येक पाड्यात जवळ नसते. इथे मला कोसबाड आठवतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणारी असतील तर कुरणात न्यायची, हा त्यांचा खाक्या. भावंड सांभाळणं हा त्यांना अडथळा वाटला नाही, ती मुलाची रोजची जबाबदारी होती आणि तिच्यासकट शिकवायचं होतं. माझ्या वर्गात बाळ झोपलं की सबंध वर्ग आवाज खाली आणतो. "हळू बोला" हे वर्षभर फळ्यावर लिहून जे झालं नसतं, ते चटईवर झोपलेलं एक बाळ करतं.

आम्हा खानदेशातल्या शिक्षकांना दर 24 डिसेंबरला साने गुरुजी ऐकवले जातात. शिक्षकाचं हृदय आईचं असावं वगैरे. भाषण करणारे बहुतेकदा हृदयापाशी थांबतात. अमळनेरला असताना गुरुजी छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे, हे मला जास्त उपयोगी वाटतं. कपडे धुणं येतं का, हे तपासता येतं. हृदय तपासता येत नाही. प्रशिक्षणात मायेबद्दल बोलणं चाललं की मला विचारावंसं वाटतं, शाळेत हात धुवायला पाणी आहे का?

जिल्ह्याबद्दल बोलताना पहिल्याच स्लाइडवर 2011 च्या जनगणनेचे आकडे असतात: अनुसूचित जमाती 69 टक्क्यांवर, साक्षरता 64 टक्के, राज्यात सर्वांत खाली. आकडे खरे आहेत. पण पहिलीच्या शिक्षकाला भिडणारा आकडा दिवाळीनंतरचा असतो, हजेरीपटावरचा. दिवाळी झाली की बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला, सुरतेला बांधकामावर, सौराष्ट्रात शेतीच्या कामाला घरंच्या घरं निघतात. काही पोरं आजीकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात, बाकी बरोबर जातात. जाताना शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखल होता यावं. तिकडची शाळा गुजराती. होळीला घरी परतायचंच, हे मात्र ठरलेलं. होळी नसती तर किती पोरं कायमची सुरतेची झाली असती कोण जाणे.

जाणाऱ्यापेक्षा मला मागे राहणाऱ्या पोरांची जास्त काळजी असते. शेजारी बसणारा एकदम नाहीसा होतो. कोणी काही सांगत नाही. ट्रक पहाटे येतो. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं जोडीदार सकाळी नव्हता, एवढंच. काही दिवस ती जागा कोणी घेत नाही, मग मारामारीनं घेतली जाते. आमच्या वर्गाच्या भिंतीला दप्तरं अडकवायला खिळे आहेत, प्रत्येक खिळ्याखाली नाव. गेलेल्याचा खिळा रिकामाच ठेवायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, असं ठरवलं. जाण्याआधी घरचे सांगतात त्या पोरांचा निरोप करतो. फार काही नाही: ज्याला जे वाटेल ते तो जाणाऱ्याला देतो. गजगा, बांगडीचा तुकडा, गोटी, पेन्सिल. पेन्सिलही देतात, हे सांगायलाच हवं, वरती मी त्यांची फार बदनामी केली. परत आलेल्या पोराकडून मी पहिल्या आठवड्यात वाचून घेत नाही. ते ऊस, चुली, कोयते, कारखान्याची शिट्टी याबद्दल बोलतं आणि बाकीची ऐकतात. एकदा एक मुलगी परतली ती गुजरातीत मोजत होती. वर्गानं तिच्याकडून गुजराती आकडे शिकून घेतले. तिचं वजाबाकीचं मागे पडलेलं महिनाभरात भरून निघालं. शिकवायला बसली होती ना.

नर्मदेकाठच्या गावांतली पोरं आणखी एका गोष्टीतून गेली आहेत. सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीपासून वरची गावं गेली, आणि त्याच काळात, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, नर्मदा बचाव आंदोलनानं चिमलखेडी, निमगव्हाणला जीवनशाळा सुरू केल्या. गावातलेच शिक्षक, गावचीच बोली. घर बुडताना पाहिलेल्या पोराला भावनांचा तक्ता कोणी दाखवला नाही. त्याच्याशी बोलायला त्याच्या भाषेतला मोठा माणूस दिला. आमच्या सरकारी शाळांना त्यातलं घेण्यासारखं पुष्कळ होतं आणि आहे.

आता राहिलं कागदाचं. 2010 पासून आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रगतिपुस्तकात तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड/छंद, सुधारणा आवश्यक. ते भरायला तयार वाक्यांच्या पुस्तिका बाजारात मिळतात आणि पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. 'मित्रांशी मिळून-मिसळून वागतो.' 'इतरांच्या भावनांचा आदर करतो.' 'स्वतःच्या भावना योग्य शब्दांत व्यक्त करते.' एकाच वाक्याखाली चाळीस शाळांतली पोरं सापडतील. खेकड्याचं प्रकरण मी कोणत्या रकान्यात लिहू? मी 'विशेष प्रगती'त लिहिलं: 'पंच म्हणून बसली असता आधी काय घडलं हे विचारते.' वर पाठवताना ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही, निदान कोणी खोडलं तरी नाही.

पंचांच्या या सगळ्या खटाटोपात एक प्रकारची मुलं सुटून जातात: न भांडणारी. यंदा पहिलीत अशी एक मुलगी आहे. पेन्सिल घेतली तर देते, जागा घेतली तर सरकते, ढकललं तर उठून मागे जाते. पुस्तिकेच्या भाषेत 'शांत व समंजस'. सहावं वर्ष समंजसपणाचं नसतं. मी तिला जोडीत बोलायला बसवलं, बाहुल्या दिल्या, तिच्या मोठ्या बहिणीला विचारलं. घरी बडबडते म्हणाली. मग मी मागे लागायचं सोडलं आणि रोज फळा पुसायचं काम तिला दिलं. पुसायची आणि जागेवर जायची.

होळी होऊन गेली, मोहफुलं वेचायचे दिवस सुरू झाले. पहाटेपासून झाडाखाली असलेली पोरं झोपाळू डोळ्यांनी शाळेत येत होती. अशात एका दुपारी खिचडीच्या रांगेतून किंकाळी आली. या शांत व समंजस मुलीनं पुढच्या मुलीचे केस मुठीत धरले होते आणि सोडायला तयार नव्हती. स्वयंपाकीण ताईंनी सोडवलं. पोरं धावत माझ्याकडे आली, सर तिकडून ओरडले, "मॅडम, तुमचे पंच कुठे गेले?"

पंच जेवत होते. जेवून बसले. ती बोलायला लागली आणि थांबेचना. पावरी इतक्या वेगात की मला निम्मं कळलं नाही. कडेवर भाऊ असलेली पंचीण मला मधूनमधून सांगत होती: ती रोज रांगेत हिच्या पुढे घुसते. दिवाळीच्या आधीपासून घुसते. फळा पुसताना हिला चिडवते. एकदा हिची ताटली लपवली होती. समोरची मुलगी आधी नाही म्हणाली, मग ताटलीचं कबूल केलं. केस ओढल्याबद्दल दंड काय आणि घुसल्याबद्दल काय, यावर पंचांत बराच खल झाला. शेवटी ठरलं: केस ओढणारीनं समोरच्या मुलीच्या डोक्याला तेल लावून वेणी घालायची. आणि रांगेत आता आठवडाभर या शांत मुलीनं सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं.

"पुढे नको," ती म्हणाली. हे मराठीत, माझ्याकडे बघून.

"का गं?"

"पुढे पातळ येते. मागे उभं राहिलं की बुडाची घट्ट खिचडी मिळते. मला सगळ्यांत मागे पाहिजे. आणि तिथे कोणी घुसायचं नाही."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. ही माहिती त्यांना नवी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रांग लागायलाच उशीर झाला, कारण पुढे उभं राहायला कोणी तयार होईना.